चारही बाजू बरोबर, तरी प्लॉट लहान कसा? समजून घ्या काटकोन त्रिकोणाचं गणित

३० बाय ४०, म्हणजे १,२०० चौरस फूट. हायवेलगत प्लॉट विकणाऱ्यांना हा गुणाकार तोंडपाठ असतो. घेणाराही टेप लावून चारही बाजू मोजतो आणि ३०, ४०, ३०, ४० भरल्या की निर्धास्तपणे इसार देतो. पण याच चार बाजूंच्या प्लॉटचं क्षेत्रफळ १,१५७ चौरस फूटही असू शकतं. टेप खोटा नाही, आकडेही खोटे नाहीत. फक्त कोपरा काटकोनात नाही.

चौरस फुटाला २,५०० रुपये दर धरला, तर हे ४३ चौरस फूट एक लाख साडेसात हजार रुपयांचे होतात. दहावीनंतर ज्याच्याशी संबंध संपला असं आपण समजतो, ते पायथागोरसचं प्रमेय इथे थेट खिशाशी येऊन भिडतं.

बाजू त्याच, मग जागा कुठे गेली?

सांधे सैल झालेली जुनी खाट आठवा. एका बाजूने ढकलली की ती तिरकी होते. चारही लाकडं तेवढ्याच लांबीची राहतात, पण मधली जागा आक्रसते. चौकोनाचं असंच आहे, चार बाजू कळल्या म्हणून त्याचा आकार पक्का होत नाही. त्रिकोणाचं तसं नाही. तीन बाजू ठरल्या की तो हलत नाही. पत्र्याच्या शेडच्या कैच्या त्रिकोणातच बांधतात, त्यामागचं कारण हेच.

आपल्या प्लॉटची ४० फुटांची बाजू रस्त्याला लागून आहे, आणि मागची बाजू तेवढ्याच लांबीची, पण ८ फूट उजवीकडे सरकलेली आहे असं समजा. डावीकडची ३० फुटांची कडा आता तिरकी झाली. मागच्या डाव्या कोपऱ्यातून रस्त्याकडच्या बाजूवर सरळ लंब टाकला की एक काटकोन त्रिकोण तयार होतो. तिरकी कडा हा त्याचा कर्ण, म्हणजे काटकोनासमोरची सर्वांत लांब बाजू. कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. म्हणून ३० चा वर्ग ९००, त्यातून ८ चा वर्ग ६४ वजा केला की ८३६ उरतात. त्याचं वर्गमूळ सुमारे २८ फूट ११ इंच. प्लॉटची खरी खोली एवढीच, ३० फूट नव्हे. ४० ला तिने गुणलं की १,१५७ चौरस फूट येतात.

मग मोजायचं काय?

दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, तर प्लॉट काटकोनात आहे. ३० बाय ४० चा कर्ण बरोबर ५० फूट यायला हवा. वरच्या तिरक्या प्लॉटमध्ये मात्र एक कर्ण ५६ फूट आणि दुसरा ४३ फूट भरेल. २५ बाय ४० साठी आकडा ४७ फूट २ इंच, तर २० बाय ३० साठी ३६ फुटांच्या किंचित वर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण असतंच. कर्ण अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर त्याच्यासमोरचा कोपरा ९० अंशांपेक्षा जास्त उघडलाय. कमी आला, तर आवळलाय.

बाजू सारख्या नसतील तेव्हा समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार केला जातो. ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि ती एका बाजूला झुकलेली आहे. प्लॉट आयताकृती नसेल तर तिने क्षेत्रफळ नेहमी जास्तच येतं, कमी कधीच नाही. विकणाऱ्याला ती का आवडते, हे वेगळं सांगायला नको.

रस्त्याच्या वळणावर कोपरा कापला गेला असेल तर हिशेब सोपा आहे. काटकोन त्रिकोणात काटकोन करणाऱ्या दोन बाजू याच पाया आणि उंची असतात, त्यामुळे त्यांच्या गुणाकाराचं निम्मं म्हणजे क्षेत्रफळ. १२ आणि १६ फुटांचा कोपरा गेला, तर ९६ चौरस फूट वजा करायचे.

गवंड्याचं ३-४-५

बांधकामाच्या आखणीत गवंडी दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट खूण करतो आणि तिरकं अंतर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. ९ अधिक १६ बरोबर २५, म्हणून कोपरा काटकोनात. पुस्तकातला हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास.

पद्धत बिनचूक आहे, पण त्रिकोण लहान पडतो. ५ फुटांच्या कर्णात अर्ध्या इंचाची चूक झाली, तर कोन सुमारे एक अंशाने हुकतो आणि ४० फुटांच्या भिंतीच्या टोकाला तब्बल ८ इंचांचा फरक पडतो. हे कळतं ते फरशी बसवताना, भिंतीकडेची लादी तिरकी कापावी लागते तेव्हा. त्याऐवजी ९-१२-१५ घेतलं, तर तीच अर्ध्या इंचाची चूक भिंतीच्या टोकाला ३ इंचांच्या आत राहते. आखणीच्या दिवशी साइटवर असाल, तर मोठ्या त्रिकोणाचा आग्रह धरा. दहा मिनिटं जास्त जातील.

गुंठा आणि शंकू-साखळी

आपल्याकडची जमीनमोजणीही याच त्रिकोणावर उभी राहिली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. शेतातून एक सरळ रेषा टाकायची आणि शंकू या साधनाने बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर लंब घ्यायचे. वेडंवाकडं शेत असं काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत विभागलं जातं. जुन्या टिपणांवर दिसणारे आकडे याच रेषांचे आणि लंबांचे आहेत.

जमिनीच्या व्यवहारात काटकोन शोधणं त्याहून कितीतरी जुनं आहे. एसआय ४२७ या नावाने ओळखली जाणारी बॅबिलोनी मातीची पाटी इसवी सनपूर्व १९०० ते १६०० या काळातली आहे. त्या पाटीवर एका जमिनीची मोजणी कोरलेली असून सीमा आखायला ५-१२-१३ आणि ८-१५-१७ हे त्रिकोण वापरले आहेत, असं गणितज्ञ डॅनियल मॅन्सफील्ड यांनी २०२१ मध्ये मांडलं. ही जमीन विक्रीच्या व्यवहारातली होती. भारतात बौधायनाच्या शुल्बसूत्रात हाच नियम आयताच्या कर्णाच्या रूपात येतो. तिथे निमित्त यज्ञवेदीच्या आखणीचं होतं.

आता तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी ईटीएस यंत्र आणि रोव्हरने होते. हद्दीचा वाद असेल किंवा खरेदीखत करायचं असेल, तर त्या सरकारी मोजणीचा नकाशाच ग्राह्य धरायचा. टेपने घेतलेला कर्ण कायदेशीर पुरावा नाही. तो इसार देण्याआधीचा, दोन माणसांनी पाच मिनिटांत करायचा तपास आहे. टेप मात्र ५० फुटांपेक्षा लांब न्या आणि मोजताना तो झोळ न पडता ताणून धरा.