रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन

लग्नकार्यात फोटो काढणे हा माझा धंदा. पण आमच्या घरातला सर्वांत जुना फोटो सरकारने काढलेला आहे. तो माझ्या पणजोबांचा. 1860 च्या दशकापासून मॉरिशसमध्ये मजुरांचे फोटो काढून त्यांच्या कागदपत्रांना जोडू लागले, हे आपणांस ठाऊक आहेच. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून त्या नोंदीचा उतारा मिळाला. त्यात नाव, बापाचे नाव, वय, उंची, जहाज आणि नंबर आहे. गावाचे नाव मात्र कारकुनाने असे लिहिले आहे की काही केल्या लागत नाही. स्पष्ट वाचता येतो तो जिल्हा : रत्नागिरी.

गेल्या जानेवारीत मी निघालो, तेव्हा माझी 86 वर्षांची आत्या म्हणाली, "माझ्या आजाचे घर दिसले तर त्याचा फोटो आण, बाळ."

मुंबईहून कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठली. ही रेल्वे 1998 साली पूर्ण झाली. पूर्वी कोकणी माणूस गलबताने नाहीतर बोटीने मुंबईला जाई. पहिल्याच संध्याकाळी रत्नदुर्गावर गेलो. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे, आत भगवतीचे देऊळ आहे. आपल्या बेटाभोवती प्रवाळाचा कठडा असल्यामुळे किनाऱ्याशी पाणी शांत असते. इथे लाट सरळ कड्यावर येऊन फुटते. किनाऱ्याची एक बाजू काळ्या वाळूची, दुसरी पांढऱ्या वाळूची. लोकही 'काळा समुद्र', 'पांढरा समुद्र' असेच म्हणतात. फोटोवाल्याला आणखी काय हवे?

दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा 1910 सालचा. 1916 साली राजा इथेच वारला, त्याची समाधीही इथेच आहे. जवळच्या टेकडीवरून भाट्याची खाडी पाहताना मनात आले, ज्या काळात या जिल्ह्यातली माणसे आपल्या बेटावर येत होती, त्याच सुमारास एका राजाला बेटावरून नव्हे, पण समुद्रापलीकडूनच इथे आणले गेले. दोघांनाही परत जाणे जमले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. होड्या लागत होत्या, मासळीचा लिलाव चालला होता. कॅमेरा उचलताच एक कोळीण म्हणाली, "फोटो कशाला काढता? कुठले तुम्ही?" मी मॉरिशस म्हटले, आणि खिशातला पणजोबांचा फोटो दाखवला. तिने हात पदराला पुसून तो घेतला, नीट पाहिला आणि शेजारणीला हाक मारली. पाहता पाहता दहा माणसे जमली. "हा आमच्यातलाच दिसतो," असे जो तो म्हणू लागला. घर मात्र कोणालाच सांगता येईना.

शेवटी त्यांनीच मला एका निवृत्त गुरुजींकडे नेले. गुरुजींनी उतारा चष्म्याजवळ धरून वाचला. म्हणाले, "तुम्ही शहर शोधताय, पण हे जिल्ह्याचे नाव आहे. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा उत्तरेला बाणकोटापासून दक्षिणेला वेंगुर्ल्याच्याही पुढे होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली. तुमचे गाव इथून दोन तासांवर असेल, नाहीतर सहा तासांवर."

मी गप्प झालो. तीन दिवस ज्या दारांकडे आपले दार म्हणून पाहत होतो, त्यांतले एकही आपले असेलच असे नव्हते. गुरुजींच्या सूनबाईंनी चहा आणला. निघताना मी त्यांच्या घराचा एक फोटो काढला : जांभ्या दगडाची तांबडी भिंत, ओटी, अंगणात तुळस, मागे माड. सहज म्हणून काढला.

घरी आल्यावर आत्याला सारे फोटो दाखवले. सूर्यास्त, किल्ला, राजवाडा भराभर पुढे गेले. त्या एका फोटोशी ती थांबली. "आजाचे घर का हे?"

क्षणभर हो म्हणावेसे वाटले. पण मी खरे तेच सांगितले. तिने फोटो मांडीवर ठेवून घेतला. म्हणाली, "नसू दे. तांबड्या दगडाचे घर होते असे माझा बाप सांगायचा. आपल्याकडे दगड काळा, म्हणून मला ते खोटे वाटायचे."

वाचकहो, रत्नागिरीला जरूर जा. पण जाण्याआधी मोक्याहून आपला उतारा आणा आणि गावाचे नाव जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. त्याहीआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसा. तांबड्या दगडाची गोष्ट मी आत्याला निघण्यापूर्वी विचारली असती, तर समुद्राचे फोटो थोडे कमी काढले असते आणि घरांचे जास्त.