नवे इन्सुलिन मोजायचे कसे?

घरात कुणी मधुमेही असले की साखर तपासणे आपल्या अंगवळणी पडते. पण खुद्द इन्सुलिन रक्तात किती आहे, हे कसे कळते बरे?

हे मोजायची युक्ती काढली न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या दोघांनी. यॅलोबाई पदार्थविज्ञानाच्या, दोन मुलांच्या आई. माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या झाडू-बादल्यांच्या खोलीत त्यांनी आपली पहिली प्रयोगशाळा थाटली! १९६० साली दोघांनी पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली.

पंगतीत मोजकेच पाट मांडलेत असे समजा. पाट म्हणजे इन्सुलिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडे, डॉक्टरांच्या भाषेत अँटिबॉडीज. किरणोत्सर्गी आयोडीनची खूण केलेले ठरावीक इन्सुलिन आणि रुग्णाच्या रक्तातले बिनखुणेचे, दोन्ही पाट पकडायला धावतात. खुणेचे जितके कमी बसले, तितके रक्तातले जास्त! १९७७ साली यॅलोबाईंना नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच, १९७२ साली वारले होते.

पुढे इन्सुलिनच बदलले. ही मूळची ५१ मण्यांची, दोन सरांची माळ. १९९६ साली आलेल्या लिस्प्रोमध्ये मोठ्या सराच्या टोकाजवळचे दोन मणी नुसते उलटसुलट केले आहेत. तेवढ्याने ते झटपट काम करू लागले, पण चाचणीची पंचाईत झाली. काही प्रतिपिंडे नव्याला ओळखतच नाहीत, काहींना नवे-जुने सारखेच! मग नेमकी ती अदलाबदल हेरणारी, शरीरातल्या इन्सुलिनला जवळ न करणारी प्रतिपिंडे मुद्दाम तयार करावी लागली. शिवाय रक्तद्रवात मोजून घातलेले इन्सुलिन चाचणी तितकेच दाखवते का, हेही पडताळावे लागते.

एवढा खटाटोप कशाला, म्हणाल. साखर एकाएकी उतरून कुणी बेशुद्ध पडले, तर ते इन्सुलिन टोचलेले की स्वादुपिंडातल्या गाठीतून आलेले, हे डॉक्टरांना ठरवायचे असते. नवे इन्सुलिन न दिसणारी चाचणी ‘इन्सुलिन कमी’ असे सांगून मोकळी होते, आणि शोध भलतीकडेच जातो. म्हणून सोबत सी-पेप्टाइडही तपासतात. शरीराच्या इन्सुलिनबरोबर ते येते, टोचलेल्याबरोबर नाही.

तेव्हा ही तपासणी सांगितली, तर नुसते ‘इन्सुलिन चालू आहे’ म्हणू नका. बाटलीवरचे पूर्ण नाव लिहून द्या, नाहीतर बाटलीच पर्समध्ये टाकून न्या. एरवी रोजच्या मधुमेहाला या तपासणीची गरज सहसा पडत नाही. साखर आणि तीन महिन्यांची सरासरी पुरते.