प्रवासी सामानातील बदल आणि विमानतळ सुरक्षा तपासणी

सातारा व सांगली या जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा असलेला विमानतळ नाही. कराड आणि कवलापूर येथे केवळ धावपट्ट्या आहेत. त्यामुळे येथील प्रवासी मुख्यतः पुणे (लोहगाव) किंवा कोल्हापूर (उजळाईवाडी) विमानतळावरून प्रवास करतात.

विमानातील सामानाचे दोन भाग असतात: विमान कंपनीकडे सोपवलेले नोंदणीकृत सामान आणि प्रवाशाजवळील हातसामान. देशांतर्गत प्रवासात त्यांची प्रचलित मर्यादा अनुक्रमे १५ व ७ किलो आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केवळ हातसामान नेणाऱ्यांना तिकिटात सवलत देण्याची मुभा कंपन्यांना दिली. याशिवाय लॅपटॉप, चार्जर आणि पॉवर बँकही हातपिशवीत आल्या. लिथियम बॅटरीला आग लागल्यास ती विमानकक्षात विझवता यावी, म्हणून पॉवर बँक नोंदणीकृत सामानात ठेवण्यास मनाई आहे. परिणामी तपासणीचा भार प्रवाशांच्या रांगेकडे सरकला.

क्ष-किरण यंत्र पदार्थाची घनता व अणुक्रमांक यांवरून पडद्यावर रंग दाखवते: सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मिश्र पदार्थ हिरवे. स्फोटकेही बहुधा सेंद्रिय असल्याने हळद, मेतकूट, बेदाणे किंवा कंदी पेढ्यांचा घट्ट डबा नारिंगीच दिसतो. त्यावर चार्जरच्या तारा पडल्या, की प्रतिमा आणखी दुर्बोध होते आणि पिशवी उघडावी लागते. प्रवाशाला हा संशय वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो प्रतिमेचा दोष असतो. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवण्याचे कारणही हेच आहे. सीटी यंत्रे सामानाची त्रिमितीय प्रतिमा देतात, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते.

परदेशी निघालेल्या मुलासाठी बांधलेला खाऊ अधिक अडचणीत येतो. लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये उघडकीस आल्यानंतर हातसामानातील द्रवांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. साजूक तूप आणि तेलात मुरलेले लोणचे या मर्यादेत मोजले जाऊ शकते. ३० जून २०१८ पासून अमेरिकेला थेट जाणाऱ्या विमानांच्या हातसामानातील सुमारे ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक भुकटीची जादा तपासणी होऊ लागली. भुकटी कशाची आहे हे निश्चित न झाल्यास ती विमानात नेता येत नाही. सांगलीच्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीलाही यातून सूट नाही. ती नोंदणीकृत सामानात ठेवणे सोयीचे ठरते.

सुक्या खोबऱ्याबाबत मात्र हा उपाय चालत नाही. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते ४.२ गटातील धोकादायक माल आहे. त्यामुळे खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्या नोंदणीकृत सामानातही सहसा स्वीकारत नाहीत.