पावशा नेमकं काय म्हणतो?

मे सरत आला, आभाळ भरू लागलं की आमराईतून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सुरू होतं. सूर एकेक पायरी चढत जातो, आता गळा फाटणार असं वाटतं आणि पावशा एकदम गप्प होतो. जरा वेळाने पुन्हा पहिल्या पायरीपासून. चांदण्या रात्रीही त्याला झोप नसते.

उत्तर भारतात हाच पक्षी पपीहा होतो आणि ‘पी कहाँ’ म्हणत प्रियकराला शोधतो. बंगालमध्ये तो ‘चोख गेलो’, म्हणजे डोळा गेला, असं कळवळतो. उकाड्याने हैराण झालेल्या साहेबाला ऐकू आलं ‘ब्रेन फीव्हर’. ज्याच्या डोक्यात जे, ते पावशाच्या तोंडी!

आता अर्थ बाजूला ठेवून ठोके मोजा. पेर-ते-व्हा, पी-क-हाँ, चोख-गे-लो, ब्रेन-फी-वर. सगळीकडे तीनच. म्हणजे कान चुकलेले नाहीत. भांडण आहे ते व्यंजनांचं. पक्ष्याला आपल्यासारखे ओठ नाहीत, दात नाहीत. त्याचा आवाज छातीत, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे तयार होतो. त्यात आपला ‘प’ही नसतो आणि ‘ब’ही. ते आपण आपापल्या वर्णमालेतून भरतो. जपानी भाषेत शब्द स्वराने नाहीतर अनुनासिकाने संपतो, म्हणून तिथला कुत्रा ‘वान वान’ करतो. कोंबड्याच्या बाबतीत मात्र बरंच एकमत दिसतं: आपला कुकूचकू, फ्रेंच कोकोरिको, जर्मन किकेरिकी, जपानी कोकेकोक्को. ‘क’ कुणी सोडायला तयार नाही. इंग्रजी कोंबडा ‘क’ने सुरुवात करून पुढे ‘डूडल-डू’वर घसरतो, या यादीत तेवढाच अपवाद.

आवाजाच्या नकलेचा हा वाद आजचा नाही. ‘काक’ हे नाव आवाजाच्या नकलेतून आलं, असं प्राचीन शब्दशास्त्रज्ञ यास्क आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात सांगतात आणि अशी नक्कल नसतेच, हे औपमन्यवांचं मतही लगेच नोंदवतात.

पावशाला पेरणीशी देणंघेणं नाही. ओरडतो तो नर, विणीच्या हंगामात. तो हंगाम आपल्या पेरणीला येऊन भिडतो इतकंच. घरटं तर हे जोडपं बांधतच नाही, मादी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते.

यंदा पावशा ओरडला की शब्द न लावता नुसते तीन सूर ऐकून पाहा. मला अजून जमलेलं नाही.