पराक्रम रणांगणावर, अन्याय कागदावर!

आपल्या समाजात ज्या घरातले कुणी फौजेत होते, त्या घरात एक पत्र्याची पेटी हमखास असते. तिच्यात जुनी टोपी, पट्टा, दोन-तीन पदके आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक. १ जानेवारीला आणि १४ एप्रिलला पदके छातीवर चढतात. डिस्चार्ज बुक मात्र पेटीतच राहते. ते बाहेर निघते माणूस गेल्यावर, विधवेच्या पेन्शनसाठी. अशी पुस्तके घेऊन लोक आमच्याकडे वकिलीच्या कामाला येतात, तेव्हा पुष्कळदा दिसते की भिंतीवरच्या फोटोतले पदक पुस्तकातल्या नोंदीत नाही. बाबांच्या हयातीत दुरुस्ती का करून घेतली नाही, असे आम्ही विचारतो. उत्तर ठरलेले असते : "साहेबांनी लिहिले ते लिहिले. आम्ही कशाला वाचतो?"

या "कशाला वाचतो"ची किंमत किती मोठी असते, हे सांगण्यासाठी आज आम्ही वाचकांना अमेरिकेत नेणार आहोत. तो देश आपल्याला परका नाही. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाला लागूनच काळ्यांची हार्लेम ही वस्ती. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डॉ. ड्युबॉईस यांना पत्र लिहून, काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे करीत असलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले तेही तिथल्याच 'ब्लॅक पँथर'वरून. तेव्हा त्यांच्या सैनिकाची ही कथा आपण आपलीच म्हणून वाचली पाहिजे.

हेन्री जॉन्सन हा आल्बनी शहरातल्या रेल्वे स्टेशनवर हमाली करणारा काळा माणूस. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. १९१७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या काळ्यांच्या पलटणीत भरती झाला. हीच पलटण पुढे ३६९ वी इन्फन्ट्री म्हणून गाजली. गोऱ्या अमेरिकन शिपायांना काळ्यांच्या शेजारी लढायचे नव्हते. म्हणून ही पलटण सरळ फ्रेंच सैन्याच्या हवाली करण्यात आली. बंदूक फ्रेंच, शिरस्त्राण फ्रेंच, हुकूम देणारेही फ्रेंच!

१९१८ च्या मे महिन्याच्या मध्यावर, पहाटेच्या अंधारात, जॉन्सन आणि त्याचा सोबती नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर असताना किमान बारा जर्मन त्यांच्यावर चालून आले. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जॉन्सनने हातबॉम्ब फेकले, गोळ्या झाडल्या आणि बंदूक अडकली तेव्हा तिच्या दस्त्याने हाणामारी केली. जर्मन रॉबर्ट्सला कैद करून ओढून नेऊ लागले, तेव्हा तो सुरा घेऊन त्यांच्यावर धावला आणि सोबत्याला सोडवून आणले. त्याच्या अंगावर एकवीस जखमा मोजल्या गेल्या. फ्रान्सने दोघांनाही 'क्रॉय द गेर' हे शौर्यपदक दिले. हा मान सर्वात आधी मिळवणाऱ्या अमेरिकनांपैकी ते होते.

आणि स्वतःच्या देशाने काय दिले? न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक मिरवणूक. युद्धासाठी पैसा आणि माणसे गोळा करताना त्याचे नाव वापरले गेले, पण पदक एकही नाही. त्याच्या डिस्चार्जच्या कागदात त्या जखमांचा उल्लेखच नव्हता, असे त्याची कथा लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. मोडक्या पायाने हमाली होईना, संसार विस्कटला. १९२७ मध्ये क्षयामुळे त्याला अपंगत्वाचा भत्ता मंजूर झाला. म्हणजे सरकारी दप्तराला क्षय दिसला, शौर्य दिसले नाही! जुलै १९२९ मध्ये, तिशी ओलांडून फार वर्षे झाली नव्हती तेव्हा, तो मरण पावला.

हे एका माणसाचे दुर्दैव असते तर आम्ही ही लेखणी उचलली नसती. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक काळे अमेरिकन सैन्यात होते. त्या युद्धाच्या काळात सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' त्यांतल्या एकालाही मिळाले नाही. एकालाही नाही! १९९७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर अर्धशतकाने, सात जणांना ते देण्यात आले. त्यातले सहा आधीच गेलेले होते. व्हर्नन बेकर हे एकटेच ते हातात घ्यायला जिवंत होते.

पदके नाकारण्याच्या बरोबरीनेच डिस्चार्जचा कागदही हत्यारासारखा वापरला गेला. त्या काळी 'ब्लू डिस्चार्ज' नावाचा एक प्रकार होता. निळ्या कागदावर छापलेला हा दाखला धड सन्मानाचा नव्हता, धड बडतर्फीचा नव्हता. त्यासाठी गुन्हा शाबीत करावा लागत नसे. पण तो हाती पडला की सैनिकांच्या शिक्षणाच्या, घराच्या सवलती बंद आणि नोकरीची दारेही बंद. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात असे ४८,६०३ दाखले दिले गेले, त्यांपैकी १०,८०६ काळ्यांना. सैन्यात काळे साडेसहा टक्के आणि निळ्या कागदांत बावीस टक्के! या अन्यायाविरुद्ध आवाज कुणी उठवला? 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वृत्तपत्राने. १९४७ मध्ये हा निळा कागद बंद झाला. आपले स्वतःचे वृत्तपत्र का असावे लागते, याचे उत्तर यात आहे.

आता कायद्याकडे वळू. १९४६ पूर्वी अमेरिकेत सैनिकाचा अभिलेख दुरुस्त करायचा तर संसदेत त्या एका माणसापुरता कायदा मंजूर करून घ्यावा लागे. हमाली करणाऱ्याच्या ओळखीचा खासदार कुठून असणार? १९४६ च्या कायद्याने अभिलेख दुरुस्ती मंडळांची वाट खुली केली. सैनिक किंवा तो नसेल तर त्याचे वारस ठरावीक नमुन्यात अर्ज करू शकतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायासाठी आवश्यक वाटले तर मंडळ ती माफ करू शकते. चूक साधी असेल, म्हणजे पदकाचा आदेश निघाला होता पण डिस्चार्जच्या कागदावर चढवायचा राहिला, तर दुरुस्तीचा जोडकागद निघतो.

इथे वाचकांनी एक भेद पक्का लक्षात ठेवावा. मिळालेले पदक लिहायचे राहणे ही एक गोष्ट, पदक द्यायलाच हवे होते आणि दिले नाही ही दुसरी. पहिली नोंदीची चूक आहे आणि ती दुरुस्त करून मागणे हा हक्क आहे. दुसरीत नव्याने निर्णय घ्यावा लागतो, तिथे पुरावा आणि लढा दोन्ही लागतात. जॉन्सनचे प्रकरण दुसऱ्या प्रकारचे. आल्बनीतल्या माजी सैनिकांनी ते वर्षानुवर्षे लावून धरले. १९९६ मध्ये जखमी सैनिकांचे 'पर्पल हार्ट' मिळाले, २००२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. २०११ मध्ये दप्तर धुंडाळताना सरसेनापती जनरल पर्शिंग यांचा, त्या चकमकीनंतर काही दिवसांतच पाठवलेला संदेश सापडला. त्यात जॉन्सनचा पराक्रम नमूद होता. नव्वद वर्षे तो कागद दप्तरातच होता! तरीही मुदत उलटल्यामुळे संसदेला ती कायद्याने शिथिल करावी लागली. २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी 'मेडल ऑफ ऑनर' जाहीरपणे दिले, तेव्हा ते स्वीकारायला रक्ताचे कुणी नव्हते. न्यूयॉर्कच्याच दलातील एका काळ्या सैनिकाने ते स्वीकारले.

कागद नेहमीच सापडतो असेही नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. वेव्हर्ली वुडसन या काळ्या वैद्यकीय सैनिकाची फाईल त्यातच गेली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर स्वतः जखमी असताना त्याने तीस तास शुश्रूषा करून शेकडोंना हात दिला होता. त्याची वृद्ध पत्नी झगडत राहिली. २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळाले. २०२३ मध्ये ह्यूस्टन येथील १९१७ च्या प्रकरणातील ११० काळ्या सैनिकांच्या शिक्षा अभिलेख दुरुस्ती मंडळाच्या शिफारशीवरून रद्द झाल्या आणि त्यांची सेवा सन्माननीय अशी नोंदवली गेली. त्यातले १९ जण तेव्हाच फासावर गेले होते. फासावरचा माणूस परत येत नाही, पण त्याच्या नातवंडांच्या कपाळावरचा डाग पुसला जातो.

२०२३ मध्ये एका लष्करी तळाचे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानीचे नाव काढून तिथे जॉन्सनचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये सरकार बदलले आणि तेही नाव काढून जुनेच 'पोल्क' हे नाव, त्याच आडनावाच्या दुसऱ्या सेनानीच्या निमित्ताने, परत आणले गेले. पाट्या सरकारबरोबर बदलतात. अभिलेखात चढलेले पदक मात्र आजही तिथेच आहे.

बांधवांनो, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला हवे का? भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर 'नाक' प्रत्ययाची बावीस नावे दगडात कोरलेली आहेत. १ जानेवारी १८१८ चा पराक्रम कुणी नाकारू शकत नाही, कारण तो लिहिलेला आहे. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्जाचा मसुदा केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. दोघांच्या हाती शस्त्र एकच, पूर्वजांच्या सेवेचा दाखला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच मोडली गेली. बाबासाहेबांच्या अविश्रांत प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांच्या आजोबांनी अर्ज लिहून पलटण मिळवली, त्यांच्या नातवांनी स्वतःचे डिस्चार्ज बुक वाचू नये?

आपल्या कायद्यात काय आहे ते सांगतो. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २३ प्रमाणे सेवेतून मुक्त होणाऱ्या जवानाला त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत दाखला द्यावा लागतो. त्यात सेवा कुणाच्या अधिकाराने संपवली, का संपवली आणि एकूण किती काळ केली हे असावे लागते. पदकांचा उल्लेख या कलमात नाही. ती नोंद सेवेच्या अभिलेखातून, पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमधून येते. म्हणून चूक दिसली की पहिला लेखी अर्ज आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही करता येतो. शौर्यपदके भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात, त्याची प्रत जोडावी. माहिती अधिकार कायदा २००५ खाली सेवेच्या नोंदींची नक्कल मागावी. दाद मिळाली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते झाले, २००९ पासून सुरू आहे आणि मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. अर्जाला उत्तरच आले नाही, तर अर्ज केल्यापासून सहा महिने संपल्यावर पुढचे सहा महिने मिळतात. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण आधी लेखी अर्ज हवा आणि त्याची पोच हवी. तोंडी विनंतीला कायद्याच्या दरबारात किंमत नाही.

प्रत्येक चुकीमागे जातीयवादच असतो, असे आमचे म्हणणे नाही. कारकुनाचा कंटाळाही पुरेसा असतो. पण ज्याच्या मागे ओळख, वशिला आणि वाचणारा माणूस असतो त्याची चूक आठवड्यात दुरुस्त होते आणि ज्याच्या मागे कुणी नसते त्याची चूक त्याच्याबरोबर सरणावर जाते. विषमता चालते ती अशीच.

म्हणून आमची विनंती एवढीच. या रविवारी विहारात वंदना झाल्यावर शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतल्या माजी सैनिकांना त्यांचे डिस्चार्ज बुक घेऊन बोलवावे. नाव, पत्नीचे नाव, सेवेचा काळ, जखमा, पदके, एकेक रकाना मोठ्याने वाचावा. जे राहिले असेल त्याचा अर्ज तिथेच बसून लिहावा. ज्या सोबत्यांनी पराक्रम पाहिला ते हयात आहेत तोवर त्यांची प्रतिज्ञापत्रे करून घ्यावीत. हेन्री जॉन्सनला ९७ वर्षे वाट पाहावी लागली आणि शेवटी पदक घ्यायला घरचे कुणी उरले नव्हते. आपल्या सुभेदारांना, हवालदारांना, शिपायांना त्यांचे पदक त्यांच्या डोळ्यांदेखत कागदावर चढलेले दिसले पाहिजे.

'शिका' म्हणून बाबासाहेबांनी सांगितले ते यासाठीही. पेटी उघडा, पुस्तक वाचा!

जयभीम!