शेकाचे पस्तीस दिवस

चंडीगढच्या उत्तर टोकाला, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी कॅपिटल कॉम्प्लेक्स उभे आहे. सचिवालय, विधानसभा, उच्च न्यायालय आणि वाऱ्यासरशी फिरणारे ‘उघड्या हाता’चे भव्य शिल्प पाहण्यास देशोदेशीचे पर्यटक येथे येतात. ल कॉर्बुझिए यांच्या या रचनेचा २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथून जवळच, सेक्टर १२ मध्ये, १९६२ साली स्थापन झालेली ‘पीजीआय’ ही वैद्यकीय संस्था आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलातील असंख्य कुटुंबांना चंडीगढ ठाऊक असते ते तिच्यामुळेच. कर्करोगावरील किरणोपचारासाठी आलेल्यांना तर येथील रांग एकदा लावून भागत नाही. सोमवार ते शुक्रवार, दररोज, कधी सहा-सात आठवडे ती लावावी लागते.

मराठी रुग्ण या उपचाराला ‘शेक’ म्हणतात. शब्द घरगुती आहे, पण थोडा फसवा. किरण पडताना ऊब लागत नाही, वेदनाही होत नाही. मेजावर निश्चल पडून राहावयाचे. दहा-पंधरा मिनिटांत काम संपते. मग हे सारे एकाच दिवशी का उरकत नाहीत, असा प्रश्न नातेवाइकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो आणि आंरी कुतार यांच्या कार्यातून मिळाले. किरणांची मात्रा लहान हप्त्यांत विभागली, तर निरोगी पेशींना मधल्या वेळेत आपली दुरुस्ती करता येते. कर्कपेशींना ती तितकीशी साधत नाही. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगात सर्वसाधारणपणे ७० ग्रे इतकी मात्रा ३५ हप्त्यांत देतात.

कर्जाचा हप्ता चुकला तर दंडासह तो पुढे भरता येतो. येथे तशी सोय नाही. दिवस लांबले की उरलेल्या कर्कपेशी वाढू लागतात. डोके व मानेच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच यंत्र बिघडले वा सुट्टी आली, तर बुडालेला शेक कसा भरून काढावयाचा याचा डॉक्टर निराळा हिशेब मांडतात.

पहिले दोन आठवडे बहुधा सुरळीत जातात. कसोटी लागते ती तिसऱ्या आठवड्यापासून. तोंड सोलवटते, चव जाते, लाळ आटते, त्वचा काळवंडते आणि झोपेने न जाणारा थकवा येतो. याच सुमारास गाठीचे पैसेही संपत आलेले असतात आणि गावाकडे पीक कापणीला आलेले असते. ‘चार दिवस जाऊन येऊ’ हा विचार नेमका तेव्हाच डोकावतो. उपचाराच्या खर्चाला शासकीय योजनांचा आधार मिळू शकतो. रेल्वे कर्करुग्णाला आणि सोबत्याला प्रवासभाड्यात सवलत देते. पण सात आठवड्यांचे खोलीभाडे आणि दोन वेळचे जेवण यांचे काय?

पीजीआयच्या दारात या प्रश्नाच्या निदान एका भागाचे उत्तर जगदीशलाल आहुजा यांनी शोधले. फाळणीत पेशावर सोडून आलेला हा मुलगा केळी विकून मोठा झाला. पुढे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी रुग्णालयाबाहेर रोजचे लंगर सुरू केले आणि ते चालविण्यासाठी आपल्या मालमत्ता विकल्या. त्यांना स्वतःलाही कर्करोग झाला. लंगर मात्र थांबले नाही. २०२० साली ‘पद्मश्री’ने गौरविले गेलेले हे ‘लंगर बाबा’ २०२१ मध्ये निवर्तले. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असाच आसरा देत आली आहे. किरणोपचार पूर्ण होण्यात यंत्राइतकाच अशा ठिकाणांचाही वाटा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

घरच्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्वचेवरील खुणा पुसू नयेत. त्या जागी साबण चोळू नये. तेल, हळद वा मलम डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये. सैल सुती कपडे वापरावेत. तोंडाचा शेक असेल तर आधीच दंतवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी, मीठ-सोड्याच्या पाण्याने वारंवार गुळण्या कराव्यात. मऊ भात, पातळ खिचडी, दूध, अंडे यांवर वजन टिकवावे. चेहऱ्यावर बसविलेला प्लास्टिकचा मुखवटा वजन घटल्यास सैल होतो आणि किरणांचा नेम चुकण्याचा धोका वाढतो. गिळणे कठीण झाले तर नळीतून अन्न देण्याचा सल्ला नाकारू नये. बाहेरून दिलेल्या किरणांमुळे रुग्ण किरणोत्सारी होत नाही. नातवाला मांडीवर घेण्यास मुळीच हरकत नाही. ही एक गोष्ट न कळल्याने कितीतरी घरांत रुग्णाचे ताट वेगळे मांडले जाते.

स्तनाच्या कर्करोगासारख्या काही आजारांत आता तीन आठवड्यांचा, क्वचित एकाच आठवड्याचा क्रमही देता येतो. आपल्या रुग्णाला तो लागू आहे का, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे. खोली किती दिवसांसाठी घ्यावी, हेही त्यावरच ठरते. आणि शेवटच्या शेकाच्या रात्रीचेच परतीचे आरक्षण करू नये. तोंडाचा व त्वचेचा त्रास त्यानंतरही एक-दोन आठवडे वाढू शकतो.