बुर्गुला रामकृष्ण राव आणि १९५६ चा करार

निजामाच्या हैदराबादेत वकिली करणे ही साधी गोष्ट नव्हती. न्यायालयाची भाषा उर्दू, कायद्याची परिभाषा अरबी-फार्सी आणि पक्षकार मात्र तेलुगू, मराठी वा कानडी बोलणारा. बुर्गुला रामकृष्ण राव यांना ही अडचण फारशी जाणवली नसावी. महबूबनगर जिल्ह्यात १८९९ साली जन्मलेले हे तेलुगू गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. कायद्याची पदवी त्यांनी मुंबई विद्यापीठाची घेतली. संस्कृत व फार्सीचा त्यांचा व्यासंग दांडगा होता आणि मराठीही त्यांना अवगत होती.

संस्थानात उघड राजकारणास मज्जाव असल्याने लोकजागृतीचे कार्य भाषिक परिषदांच्या आडोशाने चाले. त्यांत वकीलवर्ग पुढे असे, कारण त्याची भाकरी सरकारी पगारावर अवलंबून नव्हती. १९३१ साली देवरकोंडा येथे भरलेल्या आंध्र महासभेचे अध्यक्षपद रामकृष्ण रावांकडे होते.

१९५२ च्या निवडणुकीनंतर ते मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी मुलकी आंदोलनात गोळीबार होऊन विद्यार्थ्यांचे प्राण गेले. हा डाग त्यांच्या कारकिर्दीवरून पुसता येत नाही. उलट, १९५४ च्या दुरुस्तीने कुळकायद्यात संरक्षित कुळास जमिनीची मालकी मिळण्याची तरतूद झाली, हे त्यांच्या सरकारचे मोठेच कार्य होय.

खरी कसोटी पुढेच होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली मराठी जिल्हे मुंबईस व कानडी जिल्हे कर्नाटकास देऊन तेलंगण तूर्त स्वतंत्र ठेवावे, अशी शिफारस केली. म्हणजे लहान का होईना, राज्य उरत होते. तरीही रामकृष्ण रावांनी अखेर विशाल आंध्राचा पक्ष स्वीकारला. तेलंगणच्या रक्षणार्थ २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत जो ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला, त्यावर त्यांची सही आहे. मुख्यमंत्री आंध्रचा असल्यास उपमुख्यमंत्री तेलंगणचा असावा, असे त्यात ठरले होते. पण करार मोडल्यास दाद कोठे मागावी, याची सोय त्यात नव्हती. सामान्य खरेदीखतातही वकील जे तपासून घेतो, तेच येथे राहून गेले!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. आंध्र प्रदेशाच्या पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्रिपद रिकामे राहिले. रामकृष्ण राव त्यानंतर केरळचे राज्यपाल झाले. तेथील नंबुद्रीपाद मंत्रिमंडळ १९५९ साली बरखास्त झाले, ते त्यांच्याच अहवालानंतर. १९६७ साली ते निवर्तले. पुढे दोनच वर्षांनी, करारातील हमी पाळल्या गेल्या नाहीत म्हणून तेलंगण पेटले आणि २०१४ साली ते वेगळे राज्य झाले.